विचारा, जोडा, सुटा

एकशे बारा खोल्यांच्या त्या हॉटेलात पाहुण्यांना सगळं दिसायचं, फक्त बोर्डताई दिसायच्या नाहीत. रिसेप्शनच्या मागे प्लायवूडचं एक दार होतं. त्यावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी, आणि आत बिनखिडकीच्या खोलीत उंच स्टुलावर, कानाला हेडफोन लावून त्या सोळा वर्षं बसल्या होत्या. समोर टेलिफोनचा बोर्ड. भोकांच्या ओळीच ओळी, आणि खाली पितळी पिना लावलेल्या वायरी. खोलीतून कुणी फोन उचलला की बोर्डावर दिवा लागायचा. एक पिन त्या भोकात घालायची, कोण पाहिजे ते विचारायचं, दुसरी पिन दुसऱ्या भोकात घालायची, झालं काम. ऐकायला सोपं आहे हो! सकाळी आठ वाजता पस्तीस दिवे एकदम लागले म्हणजे करून बघा.

‘बोर्डताई’ हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नाही. मॅनेजरपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तेच म्हणायचे. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर आणि आईच्या तोंडी उरलं होतं.

त्यांना हे काम ज्या मोठ्या बाईंनी शिकवलं, त्या भलत्याच खाष्ट होत्या. हातात पेन्सिल असायची आणि चूक झाली की बोटांवर बसायची. त्यांची शिकवण तीन शब्दांची होती: विचारा, जोडा, सुटा. कोण पाहिजे ते विचारा, लाइन जोडून द्या, आणि दोन माणसं बोलायला लागली की त्याच क्षणी आपण लाइनवरून सुटा. ‘‘त्यानंतर एक श्वास जरी ऐकलात ना, तरी ती चोरी,’’ असं त्या म्हणायच्या. एकोणिसाव्या वर्षी ताईंनी ते ऐकलं आणि कानाला खडा लावला. बोर्डावर बसणाऱ्या किती जणी या मोहात पडतात ते सगळ्या हॉटेलांना ठाऊक असतं. कोण कुणाला काय बोललं, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा धंदा बसला, सगळं कानाशी येऊन उभं असतं. ताईंचा हात मात्र सोळा वर्षांत एकदाही रेंगाळला नाही. जोडलं की सुटल्या.

मग त्या फ्रेंच कशा शिकल्या? हाच प्रश्न पुढे सगळ्यांनी विचारला आणि त्यानेच त्यांना घाम फोडला, म्हणून नीट सांगतो.

त्या काळी परदेशी फोन लावायचा म्हणजे कॉल बुक करून वाट बघत बसायचं. तास, दोन तास, कधी आख्खी दुपार. खोलीत एकटा बसलेला परदेशी माणूस दर दहा मिनिटांनी फोन उचलणार आणि विचारणार, ‘‘लागला का?’’ लागलेला नसायचा. मग तो चिडणार, मग वरमणार, आणि मग सांगायला लागणार की घरी मुलीला ताप आहे, किंवा बायको फोनवर नीट बोलत नाही, किंवा इथली उशी फार मऊ आहे. हे सगळं तो ताईंशीच बोलायचा. कुणाचं चोरून ऐकायची गरजच काय? भाषा आपण होऊन त्यांच्या कानात येऊन बसत होती. पहिल्या वर्षी त्यांना फ्रेंचमधल्या फक्त शिव्या कळायच्या. पाचव्या वर्षी त्या शिव्यांना गोड उत्तरं द्यायला लागल्या. दहाव्या वर्षी फ्रेंच पाहुणे दिवा लावून आधी ताईंशी गप्पा मारायचे आणि मग म्हणायचे, ‘‘अरे हो, मला फोन लावायचा होता.’’

साफसफाईवाल्या बायका खोल्यांतून टाकून दिलेली मासिकं, अर्धवट वाचलेली पुस्तकं त्यांच्यासाठी बाजूला ठेवायच्या. कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला एक परदेशी फिटर आठ महिने तिसऱ्या मजल्यावर राहिला होता. ताई रोज एक पान फ्रेंचमध्ये लिहायच्या, सकाळी रूमबॉयबरोबर वर पाठवायच्या, आणि संध्याकाळी ते लाल शाईने रंगून खाली यायचं. आठ महिन्यांत लाल शाई कमी कमी होत गेली. शेवटच्या आठवड्यात फिटरने पानावर काहीच लिहिलं नाही, तेव्हा हा विसरला की काय म्हणून ताई रागावल्या. तो विसरला नव्हता. त्याला चूक सापडली नव्हती.

पण ती फ्रेंच होती बोर्डावरची. गरम पाणी, उशी, बिल, विमान चुकणं, माफी मागणं, यातलं अवाक्षर त्यांना अडत नसे. चिमणीला काय म्हणतात ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं, कारण हॉटेलात चिमणीची तक्रार कुणी केली नव्हती. त्यांच्या फ्रेंचमध्ये माणसं सतत कशाची तरी वाटच बघत असायची.

आणि एका पावसाळी आठवड्यात, परदेशी लाइन चार तास खोळंबलेली असताना, सत्तावन्न नंबरच्या खोलीतली एक परदेशी बाई ताईंशी बोलत बसली. तिकडच्या कुठल्याशा विद्यापीठात ती शिकवत होती. दुसऱ्या दिवशी हॉटेल सोडताना ती सरळ रिसेप्शनच्या मागे गेली, पाटी न वाचता दार ढकललं आणि आत डोकावून थबकली.

‘‘काल फोनवर तुम्हीच होतात?’’ तिने विचारलं. ‘‘मला वाटलं, आमच्याकडचंच कुणीतरी इथे नोकरीला आहे.’’

महिन्याभराने तिच्याकडून एक जाड पाकीट आलं. आत शिष्यवृत्तीचा अर्ज. दोन वर्षं तिकडे राहून भाषा शिकायच्या, राहणं-जेवण-शिक्षण सगळा खर्च त्यांचा. खाली एक अट होती: उमेदवाराला पस्तीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. ताईंना पस्तीस पूर्ण व्हायला दोन महिने होते. म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही.

घरी सांगितलं. आईला कमी ऐकू येतं, त्यामुळे ही बातमी शेजारच्या तीन घरांनाही त्याच वेळी कळली.

‘‘या वयात लोकांची मुलं शाळेत जातात,’’ आई म्हणाली, ‘‘आणि तू स्वतःच निघालीस का दप्तर घेऊन?’’

‘‘निघाले कुठे? अजून नुसता अर्ज करतेय.’’

‘‘तुझं मला माहीत आहे. तू नुसतं काही करत नाहीस.’’

भाऊ मात्र खूश झाला, वहिनी त्याच्याहून खूश झाली. आईला आम्ही बघू, असं वहिनीने सांगून टाकलं आणि ते मनापासून सांगितलं. तेव्हा घरची आडकाठी नव्हती. आडकाठी आली ती मॅनेजरकडून.

अर्जावर नोकरी देणाऱ्याची सही लागत होती. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. हॉटेलच्या अब्रूला फार जपायचा, इतकंच. अर्ज वाचता वाचता तो एका ओळीवर अडकला. ‘भाषा कोठे शिकलात?’ या प्रश्नापुढे ताईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: हॉटेलच्या टेलिफोन बोर्डावर.

‘‘अहो बोर्डताई, हे काय लिहिलंत!’’ तो खुर्चीतून अर्धा उठला. ‘‘वाचणारा काय समजेल? आमची ऑपरेटर पाहुण्यांचं बोलणं चोरून ऐकते! उद्या पाहुण्यांच्या कानावर गेलं तर एक माणूस इथून फोन करणार नाही. खोडा ते. ‘खासगी शिकवणी’ असं लिहा.’’

‘‘मी कुठल्याच शिकवणीला गेले नाही, साहेब.’’

‘‘मग काय झालं? सगळे तसंच लिहितात.’’

‘‘चोरून ऐकलेलं नाही आणि खोटं लिहिणारही नाही,’’ ताई म्हणाल्या आणि अर्ज टेबलावर ठेवून बोर्डावर जाऊन बसल्या.

असल्या बाईपुढे माणसाने करायचं तरी काय? वीस दिवस अर्ज मॅनेजरच्या टेबलावर पडून राहिला. ताईंनी पुन्हा विचारलं नाही. रोज सकाळी ‘‘नमस्कार साहेब’’ म्हणायच्या, तेही इतक्या शांतपणे, की मॅनेजरला नमस्काराचीच धास्ती बसली. मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात त्याने हात टेकले. सही केली, आणि वर आपण होऊन दोन ओळी लिहिल्या: ‘या बाईंबद्दल सोळा वर्षांत एकाही पाहुण्याची तक्रार नाही. मला आहे, त्या माझं ऐकत नाहीत.’ मला विचाराल तर त्या अख्ख्या अर्जातली सर्वांत चांगली शिफारस तीच होती. बाकीच्या दोन होत्या: एक फिटरची, एक सत्तावन्न नंबरच्या बाईंची.

पुढे पत्र आलं. शेकडो अर्जांतून नऊ जण निवडले होते, नवांतून दोघांना शिष्यवृत्ती मिळायची. मुलाखत टेलिफोनवर घेणार होते. अमुक दिवशी, आपल्याकडे दुपारी चार वाजता. घरी फोन नसल्यामुळे ताईंनी हॉटेलचा नंबर कळवला.

इथे ताईंनी एक गोष्ट केली, जी त्यांनी करायला नको होती. मॅनेजरने मोठ्या मनाने आपली केबिन देऊ केली. पंखा, गादीची खुर्ची, बंद दार, पाण्याचा तांब्या, सगळी तयारी. ताई म्हणाल्या, ‘‘नको साहेब. मला आयुष्यात फोनवर जे काही बोलता आलं ते या स्टुलावर. तिथेच माझी जीभ चालते.’’ मॅनेजरचा चेहरा पडला, पण या बाईंपुढे आपलं चालत नाही हे तो मागच्या वीस दिवसांत शिकला होता.

चार वाजता बोर्ड तसा निवांत असतो. शेजारच्या स्टुलावर धाकटी बसली होती. ती ताईंच्या हाताखाली चार वर्षांपूर्वी लागली, म्हणून धाकटी. हॉटेलच्या सगळ्या लाइन्स तिने घेतल्या आणि एक मोकळी ठेवली. बरोबर चारला तिथे दिवा लागला.

आधी समितीच्या सचिवबाई बोलल्या. आवाज प्रेमळ होता. नाव, शिक्षण, घरी कोण कोण, हे विचारून झालं. ताई अशा बोलत होत्या की धाकटीला एक शब्द कळत नसूनही ती मान डोलवायला लागली. मग एक पुरुषाचा आवाज आला, कोरडा, कागदासारखा. त्याने सरळ विचारलं, ‘‘तुम्ही लिहिलं आहे की भाषा टेलिफोन बोर्डावर शिकलात. म्हणजे सोळा वर्षं तुम्ही दुसऱ्यांचं बोलणं ऐकत होतात?’’

मॅनेजरचं भविष्य शब्दन् शब्द खरं ठरत होतं.

‘‘नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जे माझ्याशी बोलले, तेवढंच मी ऐकलं.’’

‘‘हे तुम्ही म्हणता.’’

‘‘हो, मी म्हणते.’’ याहून वेगळं काय सांगणार? न केलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा?

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मग तो गृहस्थ म्हणाला, ‘‘ठीक आहे. आता तुम्हाला वरच्या मजल्यावर आमच्या प्रोफेसरांकडे देतो. शेवटचा निर्णय त्यांचा असतो. तेच खरी परीक्षा घेतात. थांबा.’’

लाइनवर खट् झालं. थोडी खरखर झाली. तिकडची ऑपरेटर काहीतरी म्हणाली, पुन्हा खट् झालं, आणि एक म्हातारा, खोल आवाज आला: ‘‘हॅलो?’’

ताई अत्यंत गोड आवाजात, अस्सल फ्रेंचमध्ये म्हणाल्या, ‘‘आपला कॉल जोडला आहे. कृपया बोलावे.’’ आणि त्यांनी पिन उपटून काढली.

हेडफोन मानेवर सरकवला. एक दीर्घ श्वास घेतला. कपातलं पाणी प्यायल्या.

‘‘झालं, ताई?’’ धाकटीने विचारलं.

‘‘झालं. प्रोफेसरांना जोडून दिलं.’’

‘‘कुणाला जोडून दिलं?’’

ताईंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने ताईंकडे पाहिलं. मग दोघींनी त्या लोंबकळणाऱ्या वायरीकडे पाहिलं.

‘‘अगं आई गं!’’ ताई म्हणाल्या. सोळा वर्षं, दिवसाला चारशे वेळा जी गोष्ट केली ती हाताने आपली आपण करून टाकली होती, डोक्याला न विचारता. हसू नका. सुताराचा हात झोपेतही रंधा मारतो. हसायचं असेल तर हसा, पण त्या खोलीत त्या क्षणी कुणाला हसू आलं नाही. ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्या पुन्हा पुन्हा एकच म्हणत होत्या, ‘‘मी ठेवला गं. मीच ठेवला.’’

‘‘ते पुन्हा लावतील,’’ धाकटी म्हणाली.

‘‘परीक्षक कशाला पुन्हा लावेल? उमेदवाराने तोंडावर फोन आपटल्यावर?’’

मुलाखतीच्या पत्रात शेवटी लिहिलं होतं की प्रोफेसर दुपारी बारापर्यंत बसतील आणि त्याच दिवशी निकाल पक्का करतील. तिकडचे बारा म्हणजे आपले साडेचार. घड्याळात चार वाजून चौदा मिनिटं झाली होती. परदेशी कॉल लागायला त्या दिवसांत कमीत कमी दीड तास.

‘‘सतरा नंबर!’’ धाकटी एकदम ओरडली.

सतरा नंबर म्हणजे शहराच्या परदेशी एक्स्चेंजवरची ऑपरेटर. तिथे नाव सांगायचं नसतं, नंबर सांगायचा. बारा वर्षं दोघी रोज एकमेकींशी बोलत होत्या आणि एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. तिच्या तीन बाळंतपणांच्या तारखा ताईंना पाठ होत्या. रस्त्यात समोरून आली असती तर मात्र ओळखली नसती.

धाकटीनेच लाइन लावली आणि हेडफोन ताईंच्या कानावर चढवला.

‘‘काय गं, आज तुझी मुलाखत ना?’’ सतरा नंबर म्हणाली. ‘‘झाली पण?’’

‘‘प्रोफेसर लाइनवर आले आणि मी फोन ठेवला.’’

‘‘कुणी ठेवला?’’

‘‘मी. ‘कृपया बोलावे’ म्हटलं आणि पिन काढली.’’

इतर कुणाला हे समजावून सांगायला अर्धा तास लागला असता, सतरा नंबरला एक वाक्य पुरलं.

‘‘विद्यापीठाचा नंबर दे,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्याकडे रांगेत अकरा कॉल आहेत. त्यातला पहिला एका मंत्र्याचा आहे. असू दे. मंत्री थांबतील, त्यांना कुठे पस्तीसची अट आहे! आणि हे बघ, शहाणी असशील तर लाइन तुटली म्हणून सांग. खुशाल माझ्या एक्स्चेंजवर खापर फोड. रोज शंभर माणसं फोडतात, त्यात तू एक.’’

चार वाजून एकोणीस मिनिटांनी तिकडची घंटी वाजली आणि सतरा नंबर शिस्तीत लाइनवरून बाजूला झाली.

विद्यापीठाच्या बोर्डावर एक वयस्कर बाई होती. मघाशी लाइन जोडून दिली होती ती हीच. ‘‘आवाज ओळखीचा वाटतोय,’’ ती म्हणाली. ताईंनी सगळं सांगितलं. आपण कोण, कुठून बोलतोय, काय करून बसलो. सांगता सांगता रडू फुटायला लागलं, पण फ्रेंच कुठे अडली नाही. पलीकडची बाई हसायला लागली. ती इतकी हसली की ताईंना राग आला.

‘‘हसू नको तर काय करू, बाई?’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘नवऱ्याने मला पहिल्यांदा फोन करून लग्नाचं विचारलं, तेव्हा मी त्याला थेट हिशेबखात्याला जोडून दिलं होतं. तीस वर्षं झाली, अजून टोमणे ऐकते.’’ मग तिचा आवाज कामाचा झाला. ‘‘प्रोफेसर पुढच्या उमेदवाराशी बोलतायत. मधे घुसता येणार नाही, ते चिडतात. पण हा फोन संपला की त्याच्या पुढच्याच्या आधी तुम्हाला घालते. किती मिनिटं मिळतील ते मी सांगू शकत नाही. थांबाल?’’

‘‘थांबते,’’ ताई म्हणाल्या.

त्या थांबल्या. कानात नुसती खरखर. हजारो माणसांना त्यांनी असं थांबवलं होतं, ‘‘कृपया थांबावे’’ म्हणून. थांबणं इतकं जीवघेणं असतं याची त्यांना कल्पना नव्हती. दिवे लागत होते, धाकटी पिना बदलत होती, आणि मॅनेजर दाराशी येऊन उभा होता. त्याला धाकटीने खुणेनेच सगळं सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला, पण ‘मी केबिन देत होतो’ हे वाक्य गिळलं. या एका गोष्टीसाठी त्याला सगळं माफ.

चार वाजून सव्वीस मिनिटं. खट्. पुन्हा तो खोल आवाज.

‘‘हॅलो? माझ्या बोर्डवरच्या बाई म्हणाल्या की त्यांची एक सहकारी पुन्हा बोलू इच्छिते. तुम्हीच का? मघाशी लाइन तुटली का?’’

किती सोपं होतं! ‘हो’ म्हटलं की संपलं. प्रोफेसरांनीच वाक्य पुढे केलं होतं, सतरा नंबरने खापर फोडायला आपलं डोकं दिलं होतं. ताईंनी डोळे मिटले.

‘‘नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लाइन उत्तम होती. मी ठेवला.’’

‘‘का?’’

‘‘सर, मला शिकवलंय की दोन माणसं बोलायला लागली की आपण लाइनवर थांबायचं नाही. सोळा वर्षांत मी कधी थांबले नाही. आज तुमचा आवाज आला आणि माझा हात आपोआप गेला. त्या दोन माणसांतली एक आज मीच आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही.’’

पलीकडे सगळं शांत झालं. ताईंना वाटलं, गेली लाइन, या वेळी खरंच तुटली.

‘‘हॅलो?’’

‘‘आहे, आहे,’’ प्रोफेसर म्हणाले. ‘‘माझ्यापुढे खालून आलेला एक कागद आहे. माझ्या सहकाऱ्याने त्यावर लिहिलंय, ‘ही बाई दुसऱ्यांचं बोलणं ऐकून शिकली असावी. विश्वास ठेवावा का?’ त्यावर मी रेघ मारतोय. जरा थांबा, पेन उमटत नाहीये.’’

ताई थांबल्या.

‘‘हं. आता बोला.’’

‘‘काय बोलू, सर?’’

‘‘तुम्हाला हवं ते. तुमच्याबद्दल.’’

सोळा वर्षं त्या बोर्डावर लोकांनी ताईंना खोली नंबर विचारला, शहराचा कोड विचारला, वेळ विचारली, हवा कशी आहे ते विचारलं. तुमच्याबद्दल बोला, असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी सुरुवात केली. त्या खोलीबद्दल सांगितलं, वाट बघत बसलेल्या माणसांबद्दल सांगितलं, लाल शाईच्या पानांबद्दल सांगितलं. मला तक्रारीची फ्रेंच येते, आनंदाची अजून येत नाही, तिथे येऊन तीच शिकायची आहे, असंही सांगितलं. प्रोफेसरांनी मधे चिमणीला काय म्हणतात ते विचारलं का? नाही, देवाची कृपा. साडेचार वाजून गेले, पावणेपाच झाले, प्रोफेसरांचं जेवण राहिलं. विद्यापीठाच्या बोर्डवरची बाई पुढच्या उमेदवाराला एवढा वेळ सांगत होती की लाइन मोकळी नाही, आणि त्यात काही खोटं नव्हतं. धाकटी एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने शंभर खोल्या सांभाळत होती.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. ताई ते उघडायच्या आधी आख्खं हॉटेल प्लायवूडच्या दारात उभं होतं, पाटी असूनही. मॅनेजरने ते वाचायला मागितलं, एक अक्षर कळलं नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. सतरा नंबरला पहिला फोन गेला. तिकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग ती कामाच्या आवाजात म्हणाली, ‘‘बरं, अजून काही? रांग आहे.’’

घरी ताईंनी पत्र आईच्या मांडीवर ठेवलं आणि ओरडून सांगितलं, ‘‘आई, झालं! दोन वर्षं!’’

आई बराच वेळ पत्रावरून हात फिरवत राहिली. मग तिने विचारलं, ‘‘तिथेही बोर्डावरच बसणार का गं? लोकांचे फोन जोडत?’’

‘‘नाही आई. तिथे जोडायला दुसरं कुणीतरी आहे.’’

‘‘मग तू काय करणार?’’

‘‘मी बोलणार,’’ ताई म्हणाल्या. आईला ऐकू गेलं नाही असं वाटून त्या पुन्हा मोठ्याने म्हणाल्या, ‘‘मी बोलणार, आई.’’

‘‘ऐकलं,’’ आई म्हणाली. ‘‘पहिल्यांदाच ऐकलं.’’